अप्पांनी निवडलेली चेन

अप्पांची नजर जात गेली तसे त्यांचे कान तिखट होत गेले. घरात कुणाला पुटपुटायचीही सोय राहिली नाही. गाडीतला तो आवाजसुद्धा आधी त्यांनाच ऐकू आला. मी दिवाळीच्या सुट्टीत नांदेडहून लातूरला माहेरी आले होते आणि सकाळी दूध आणायच्या निमित्ताने गाडी बाहेर काढत होते. अप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते.

"बंद कर," ते म्हणाले. "आता परत लाव."

मी परत लावली.

"आता न्हाई येणार. थंड असली की येतो. खडखडून राहिली ती. चेन सैल झाली, माय."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, आवाजाचा धडा तर तोंडपाठ आहे, तरी मला ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे थंड गाडी चालू केली आणि कान देऊन ऐकलं. तीन-चार सेकंद, डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज, आणि मग सगळं सुरळीत.

अप्पांनी लातूरच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं आडत चालवली. कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग, पांढरं धोतर आणि हातात कुठल्याही पोराला हेवा वाटावा अशी गाडी, असा हा माणूस. परदेशी कंपनीची, टर्बो पेट्रोल इंजिनची ती लांबलचक गाडी त्यांनी एका चांगल्या हंगामात घेतली, तेव्हा आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. आयुष्यात दुसरी चैन त्यांनी केली नाही. मला नांदेडला सोडायला निघाले की गाडी अशी पळवायचे, की अहमदपूर मागे टाकून लोहा येईपर्यंत मी डोळे मिटून बसायची. आता गाडीही म्हातारी झाली आणि साखरेने अप्पांचे डोळे खाल्ले. डाव्या डोळ्याने अंधार-उजेड कळतो, उजव्याने माणसाची आकृती. गाडी मी चालवते, ते शेजारी बसून माझ्या गियर बदलण्यावर नाराज होतात.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. इंजिनाच्या खालच्या भागाला आणि वरच्या भागाला एका तालात ठेवायचं काम ही चेन करते. तिच्याबरोबर तिला घसरू न देणाऱ्या प्लास्टिकच्या दोन-तीन पट्ट्या असतात, आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर. चेन सैल होऊन एखादा दात जरी सोडून गेली, तरी वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन संपतं. त्यामुळे बदलायचा असतो तो सगळा सेट, आणि तो निवडताना चूक चालत नाही.

"मी निवडतो," अप्पा म्हणाले.

हे मला आधीच कळायला हवं होतं. अप्पांचा सगळा धंदा हातावर होता. पोत्यात हात घालून मूठभर सोयाबीन बाहेर काढायचे, तळव्यावर घोळवायचे आणि ओलावा किती ते सांगायचे. तुरीत खडा किती, माती किती, माल यंदाचा की मागच्या सालचा, सगळं हाताला कळायचं. मूठ मिटून "घेतला" म्हणाले की सौदा पक्का. मग वरून पाऊस पडो नाहीतर भाव कोसळो, शब्द मागे नाही. दुकान आता माझ्या चुलतभावाकडे गेलंय. त्याने ओलावा मोजायचं यंत्र आणलं. अप्पा तरीही रोज सकाळी दुकानात जाऊन बसायचे. गडी पाणी द्यायचे, नमस्कार करायचे, पण नमुना कुणी त्यांच्या हातावर ठेवायचं नाही. एकदा मी त्यांना घ्यायला गेले तेव्हा ते एकटेच गादीवर बसून शेजारच्या पोत्याच्या तोंडात बोटं घालून बसले होते. मला बघवलं नाही. मी बाहेरूनच हॉर्न वाजवला.

म्हणून मी म्हटलं, हो अप्पा, तुम्हीच निवडा.

स्पेअर पार्टच्या दुकानात मालकाने काउंटरवर दोन सेट मांडले. तिसरा, गाडीच्या कंपनीचा, पुण्याहून मागवावा लागणार होता आणि त्याला तीन आठवडे लागणार होते. मालक सगळं अप्पांना सांगत होता. प्रश्न मी विचारत होते, उत्तर अप्पांना जात होतं. बाईमाणसाने दुकानात येऊन टेन्शनर हा शब्द उच्चारला हेच त्याला पचलं नव्हतं बहुतेक.

अप्पांनी पहिल्या सेटची चेन हातात घेतली, वजन घेतलं, खाली ठेवली. दुसरी घेतली. एकेक कडी बोटांनी चाचपली. मग दोन्ही तळहातांवर आडवी धरली. चेन आडवी धरल्यावर मध्ये लोंबली तर ती ढिली, हे मी पुस्तकात वाचून गेले होते. अप्पांना ते कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी चेन तसूभरही लोंबली नाही. त्यांचा चेहरा उजळला. मी त्यांना किती दिवसांनी तसं पाहिलं होतं! त्यांनी चेन मुठीत घेतली आणि म्हणाले, "घेतला."

चेन खरंच चांगली होती, हे मी आजही म्हणेन. पण मी तोवर डब्यातल्या बाकीच्या गोष्टी पाहत होते. पट्ट्यांचं प्लास्टिक हलकं होतं, कडेला नखाने खरवडलं तर भुगा निघत होता. टेन्शनरचा दांडा दाबला की मध्येच अडकायचा, मग खटकन पुढे जायचा.

"अप्पा, चेन ठीक आहे, पण पट्ट्या बरोबर नाहीत. आपण पुण्याचा मागवू."

"म्या हात घातलाय."

"पण प्लास्टिक..."

"तू मला माल शिकवून राहिलीस का?" ते म्हणाले, आणि दुकानातले दोघं-तिघं हसले. अप्पाही हसले. त्या हसण्यात राग नव्हता, बाजारातला जुना रुबाब होता, आणि तो मोडायची माझी हिंमत झाली नाही. घरी आल्यावर अप्पांनी डब्याला भस्म लावलं, देवापुढे ठेवलं, आणि सकाळी माझ्या हातात दिला.

मी डबा घेऊन आमच्या मिस्त्रीकडे गेले आणि त्याला सांगितलं की हा बसवायचा नाही. पुण्याहून कंपनीचा येईल, तो बसवायचा. तोवर गाडी हलवायची नाही. अप्पांनी विचारलं तर सांगायचं, हातात कामं फार आहेत.

"आन् बसवल्यावर काय सांगू?"

"काहीच नका सांगू. त्यांनी निवडलेलाच बसवला."

मिस्त्री कापडाला हात पुसत राहिला. "ताई, खराब हाय तर तसं तोंडावर सांगा की त्यांना. आंधळ्या माणसाला असं करू नै."

"आंधळे नाहीत ते," मी फटकन बोलले. माझं हे असं होतं. खरं कुणी बोललं की आधी राग येतो. मी त्याला ऐकवलं की तुमचं काम नटबोल्टचं आहे, ते करा. त्याने केलं. तीन आठवड्यांनी सेट आला, बसला, जुनी चेन आणि झिजलेल्या पट्ट्या त्याने पिशवीत घालून दिल्या. मी शनिवारी नांदेडहून येऊन गाडी घरी आणली. रविवारी पहाटे अप्पा स्वेटर घालून अंगणात उभे होते. मी गाडी चालू केली. आवाज नाही. ते बोनेटवर हात ठेवून उभे राहिले, बराच वेळ.

"बघितलंस? हात अजून हाय," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते. परीक्षेत नापास होणाऱ्या पोराला दोन गुण वाढवून दिल्यावर वाटतं तसं बरं वाटलं. आणि ते पुढचे काही महिने अप्पा खरोखर बदलले. जेवण वाढलं. दुकानात जाऊन ते बळेच नमुने मागून घेऊ लागले, आणि चुलतभावानेही कौतुकाने द्यायला सुरुवात केली. येणाऱ्या-जाणाऱ्याला चेनची गोष्ट सांगायचे. पोरगी शिकलेली, फिजिक्सची मास्तरीण, ती म्हणाली नको, म्या म्हणलं घेतला, आता बघा. मीही शेजारी बसून मान डोलवायची. दर वेळी ती गोष्ट उलीशी वाढायची आणि दर वेळी माझं खोटं जुनं होत जायचं. जुनं झालं की आपोआप खरं होईल अशी काहीतरी माझी समजूत असावी.

ती गोष्ट चाकूरच्या काकांनीही ऐकली. काका म्हणजे अप्पांचे बाजारातले जुने दोस्त, चाकूरला त्यांचं बी-खताचं दुकान. अप्पांची गाडी पाहून त्यांच्या मुलाने तशीच जुनी गाडी घेतली होती, आणि तीही आता सकाळी खडखडत होती. काकांनी फोन केला तेव्हा मी नांदेडला होते. मला हे सगळं नंतर आईकडून कळलं. अप्पांनी त्यांना दुकान सांगितलं, सेट सांगितला, आणि वर म्हणाले, "डोळे झाकून घ्या. माझा हात हाय त्याच्यावर."

बाजारात याला किंमत असते. एका आडत्याने मालावर हात ठेवला की दुसरा पोतं उघडून बघत नाही. काकांनी बघितलं नाही. त्यांनी तोच सेट नेला आणि चाकूरच्या मिस्त्रीकडून बसवून घेतला.

दीड महिन्याने त्यांची गाडी शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर बंद पडली. सुदैवाने वेग कमी होता आणि कुणाला लागलं नाही, पण इंजिन गेलं. काकांनी फोन करून अप्पांना एका शब्दाने दोष दिला नाही. मिस्त्रीने काम बिघडवलं, एवढंच म्हणाले. काकांच्या मुलाने मात्र ते सगळ्या चाकुरात सांगितलं, आणि त्या मिस्त्रीकडे कुणी गाडी लावीना.

"मला घेऊन चल," अप्पांनी मला फोनवर सांगितलं. "त्या मिस्त्रीला दोन शब्द सांगायचे हायत. माल चांगला असून माणसं नाव घालवतात."

मी काय करायला हवं होतं ते मला त्या क्षणी माहीत होतं. फोनवर सांगता आलं असतं. शनिवारी लातूरला पोचल्यावर सांगता आलं असतं. लातूरहून चाकूरला जाताना गाडीत आम्ही दोघंच होतो, रस्ता मोकळा होता, तेव्हा तर नक्की सांगता आलं असतं. अप्पा सारखे बोलत होते. इंजिनाचा आवाज ऐक कसा येतोय म्हणत होते. मी दर गावाच्या पाटीला ठरवत होते की पुढच्या पाटीला सांगू, आणि चाकूर आलं.

काकांच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत ती बंद गाडी उभी होती. मिस्त्रीला बोलावून घेतलं होतं. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. त्याने तुटलेलं सामान घमेल्यात घालून आणलं होतं. काका आणि त्यांचा मुलगा बाजूला उभे होते. अप्पा खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या आवाजात तो बाजारातला भारदस्तपणा होता, दहा माणसांना गप्प करणारा.

"तोच सेट माझ्या गाडीत हाय. पाच महिने झाले. सुईसारखी चालून राहिली. म्हंजे माल चांगला, हात तुझा खराब. हाव का न्हाई?"

"अप्पा, म्या बराबर खुणा जुळवून बसवलाय. लेकराची आन घेतो."

"आन कामून घेतोस? दाखव मला."

मिस्त्रीने घमेलं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. अप्पांनी चेन उचलली, बोटांनी फिरवली. "चेन तर साबूत हाय."

"चेनला काय झालं न्हाई. ही पट्टी तुटली, बगा. तीन तुकडे. टेन्शनर अडकला, पट्टीवर धक्के बसले, तुकडे खाली पडले आन् चेननं दात सोडला."

अप्पा प्लास्टिकचे तुकडे चाचपत राहिले. मला वाटलं, आता त्यांना कळेल. कडेचा भुगा त्यांच्या बोटांना लागेल, मी दुकानात बोलले होते ते आठवेल. पण त्यांच्याकडे माझ्यापेक्षा मोठा पुरावा होता, आणि तो मीच दिला होता.

"मग माझ्या गाडीतली कामून न्हाई तुटली?" ते म्हणाले. "न्हाई, तू सांग ना. चल, बोनेट खोल माझ्या गाडीचं. वरचं झाकण काढ आन् सगळ्यांपुढं बघ. तोच माल हाय का न्हाई ते बघ, मग तू आपल्या तोंडानं सांग की हात तुझाच चुकला. किल्ली दे, माय."

मिस्त्री माझ्याकडे बघत होता. त्याला काही माहीत नव्हतं, तो फक्त घाबरला होता. शर्टाच्या टोकाला तो हात पुसत होता आणि हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

"अप्पा," मी म्हटलं, "आपल्या गाडीत तो सेट नाही."

"मग कोणता हाय?"

"कंपनीचा. पुण्याहून मागवला होता."

"कधी?"

"तेव्हाच. तुमचा मी बसवू दिलाच नाही."

काकांनी मान खाली घातली. मुलाने मोबाइल काढला आणि उगीच बघत बसला. अप्पांनी हातातला तुकडा घमेल्यात ठेवला, आवाज होणार नाही असा सावकाश. मग उठले आणि हात जोडले. "मिस्त्री, चूक झाली माझी. पोराबाळांच्या माणसाचं नाव घालवलं म्या. गावात मी स्वतः सांगतो."

मिस्त्री त्यांच्या समोर नव्हता. तो डावीकडे, घमेल्याशी उभा होता आणि अप्पांचे जोडलेले हात गाडीच्या दिशेने होते. मिस्त्री दोन पावलं सरकला आणि त्या हातांच्या पुढे येऊन उभा राहिला. "असू द्या, अप्पा," तो म्हणाला. मला त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. मी तेही केलं नाही.

काकांनी चहा मागवला. अप्पांनी घेतला. निघताना काका माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगल्यासाठीच केलंस, माय." अप्पा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

परतीच्या रस्त्यात मी पुष्कळ बोलले. तुमचं मन दुखावेल म्हणून, दुकानात तुम्ही गप्प गप्प बसायचात म्हणून, आणि चेन खरंच चांगली होती, तुमचा हात चुकला नव्हता, फक्त प्लास्टिक तुम्ही हातात घेतलं नव्हतं. सगळं खरं होतं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांना खिडकीतून काही दिसत नाही. रागावले असते, ओरडले असते, तर मीही ओरडले असते, आमच्या घरात तशी रीत आहे आणि त्यानंतर सगळं मिटतं. ते ओरडले नाहीत.

लातूर आलं तेव्हा म्हणाले, "मेडिकल दिसलं की थांब."

मला वाटलं गोळ्या संपल्या असतील. मी आमच्या नेहमीच्या दुकानाकडे वळवायला लागले.

"ते न्हाई. दुसरं कोणतंबी. जिथं तुला वळखत न्हाईत तिथं."

मी थांबले. त्यांना धरून काउंटरपाशी नेलं. अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या केलेला कागद काढला. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद होता तो. पंधरा दिवसांपूर्वी तपासणीला मीच घेऊन गेले होते आणि डॉक्टरांचं इंग्रजी मीच त्यांना मराठीत समजावलं होतं. डावा सुधारणार नाही, पण उजव्याची आहे तेवढी नजर टिकेल. त्या दिवशी त्यांनी घरी पेढे आणले होते.

"हे वाचून दाखवा," त्यांनी काउंटरमागच्या माणसाला सांगितलं. "सगळं. गाळू नका काही."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. त्याने चष्मा लावला आणि वाचून मराठीत सांगायला लागला. डाव्या डोळ्यात सुधारणा नाही, बाबा. उजव्याची नजर स्थिर आहे, टिकेल असं लिहिलंय. थेंब चालू ठेवायचे.

"अजून काय हाय?"

"एवढंच."

"खालती?"

"खाली सही आहे."

अप्पांनी कागद परत घेतला, त्याच घड्यांवर दुमडला आणि खिशात ठेवला. "उपकार झाले," ते त्या माणसाला म्हणाले.

मी त्यांच्या आधी गाडीपाशी पोचले आणि दार उघडायला हात पुढे केला.

"राहू दे. मला सापडंल."

ते पत्र्यावरून हात फिरवत दाराची मूठ शोधत राहिले. मी बाजूला उभी राहिले.